मातीविना शेतीचा जमाखर्च छापा : चार कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी;
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला;
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी;
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली.



चौघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, कारण प्रश्न चौघांच्याही दारात येतो. शेतीवर लिहिणाऱ्याला वाचकांचे फोन येतात. पूर्वी विचारणा असायची वाणाची, फवारणीची, भावाची. आता त्यात एक प्रश्न हमखास असतो : ‘हायड्रोपोनिक्स करू का?’ विचारणारा कधी निवृत्त बँक अधिकारी असतो, कधी गावी दोन एकर कोरडवाहू असलेला आणि शहरातली नोकरी सोडायला निघालेला तरुण. दोघांनीही एकसारखीच चित्रफीत पाहिलेली असते. पांढऱ्या पाइपांच्या रांगा, त्यांत टवटवीत लेट्यूस, आणि मागून आवाज : माती नको, पाणी नव्वद टक्के कमी, एका एकरात दहा एकरांचे उत्पन्न. शेवटी कार्यशाळेची तारीख आणि फी.

तोंडी उत्तर मी देतो. पण ‘हे घ्या, वाचा आणि मग ठरवा’ म्हणून हातात ठेवावा असा मराठीतला छापील कागद, ज्याला पाइप विकायचे नाहीत अशा कोणी लिहिलेला, माझ्याजवळ नाही. आपल्याकडे प्रयोग होतात, प्रशिक्षणेही होतात, हे मला ठाऊक आहे. मला हवा आहे तो त्यांचा जमाखर्च. तो आपण छापावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधीच सांगून टाकतो, हे तंत्र खोटे नाही. पिकाला सतरा अन्नद्रव्ये लागतात. त्यांतली तीन, म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, हवापाण्यातून मिळतात. उरलेली चौदा मुळांनी पाण्यात विरघळलेल्या रूपातच घ्यायची असतात, मग ती मातीतून येवोत की टाकीतून. हे जर्मनीत ज्युलियस फॉन झाक्स आणि विल्हेम क्नोप यांनी १८६० च्या सुमारास प्रयोगशाळेत क्षार विरघळवून, त्यात रोपे वाढवून दाखवले. आपल्याकडेही हे नवे नाही. शोल्टो डग्लस नावाच्या इंग्रजाने १९४६ मध्ये, तेव्हा दार्जिलिंग जिल्ह्यात असलेल्या कालिम्पाँगला यंत्राशिवाय, वाळू आणि खडीवर भाजी पिकवण्याची स्वस्त पद्धत बसवली आणि १९५१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. आणि आज महाराष्ट्रातला टोमॅटो, मिरची, झेंडू यांचे रोप ज्या ट्रेमध्ये जन्म घेते त्यात तरी माती कुठे असते? कोकोपीटच असते. उसाची एक डोळा रोपेसुद्धा तशीच तयार होतात. रोपवाटिकांनी हा बदल गाजावाजा न करता पचवला, कारण त्यात पैसे सुटत होते.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट कॅलिफोर्नियाची.

बर्कलेच्या विद्यापीठात विल्यम गेरिक नावाचे वनस्पतिपोषणाचे अभ्यासक होते. १९२९ पासून त्यांनी मांडायला सुरुवात केली की, द्रावणातली शेती प्रयोगशाळेपुरती ठेवायचे कारण नाही, ती व्यापारी होऊ शकते. त्यांच्या टाक्यांतले टोमॅटोचे वेल पंचवीस फूट चढले अशा बातम्या आल्या. वर्तमानपत्रांना आणखी काय हवे! लोकांची पत्रे विद्यापीठात येऊन पडू लागली, तयार मिश्रणे विकणारे उभे राहिले, आणि गेरिक मात्र आपली कृती द्यायला तयार नव्हते. हे काम मी माझ्या वेळेत केले, असे त्यांचे म्हणणे. शेवटी विद्यापीठाने डेनिस होगलँड आणि डॅनियल आर्नन या दोघांना हे दावे तपासायला लावले. त्यांनी वाळू, द्रावण आणि चांगली माती यांत टोमॅटो शेजारी शेजारी वाढवले आणि १९३८ मध्ये एक छोटी पुस्तिका काढली, प्रयोग केंद्राचे परिपत्रक क्रमांक ३४७.

त्या परिपत्रकात दोन गोष्टी होत्या. पहिली : हवा, उजेड आणि निगा सारखी असेल तर द्रावणातले उत्पादन चांगल्या मातीतल्या उत्पादनापेक्षा फार वेगळे निघत नाही. दुसरी : तरीही ज्याला करून पाहायचे आहे त्याच्यासाठी ही घ्या पूर्ण कृती, कुठला क्षार किती घ्यायचा ते मोजून. लपवाछपवी नाही, फी नाही. सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत लिहिलेली ही पुस्तिका १९५० मध्ये सुधारून पुन्हा छापली गेली. त्यातले ‘होगलँड द्रावण’ आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात, आपल्या विद्यार्थ्यांनीही वापरले असेल. गेरिक यांचे नाव इतिहासात राहिले, पण लोकांच्या उपयोगी पडले ते परिपत्रक. उत्साहाच्या भरात वाहणाऱ्या लोकांना सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने कसे उत्तर द्यावे याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा माहीत नाही.

पुढे हे तंत्र रुजले ते जिथे मातीच नव्हती तिथे. प्रशांत महासागरातल्या वेक बेटावर विमान कंपनीच्या प्रवाशांसाठी, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस असेन्शन बेटावर अमेरिकी सैनिकांसाठी. ताजी भाजी विमानाने किंवा बोटीने आणण्यापेक्षा तिथेच पिकवणे परवडत होते. नेदरलँड्समध्ये ते वाढले, कारण काचघरांच्या मातीत रोग साठले होते आणि बाजार दाराशी होता. प्रत्येक ठिकाणी कोणती तरी अडचण इतकी महाग होती की तिच्यापुढे पाइपांचा खर्च स्वस्त वाटला. आपल्याकडे ती अडचण कोणती, आणि ती महाग आहे का, हे कोणी मोजायचे?

पाण्याची, असे उत्तर मिळेल. मग पाण्याचेच बोलू.

नव्वद टक्के बचतीचा आकडा हवेतून आलेला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या संदर्भात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक किलो लेट्यूसला शेतात सुमारे २५० लिटर पाणी, हायड्रोपोनिक हरितगृहात सुमारे २० लिटर. उत्पादन चौरस मीटरला वर्षाला शेतात चार किलोच्या आत, हरितगृहात एक्केचाळीस. चित्रफितीतला दावा इथपर्यंत बरोबर आहे. त्याच अभ्यासातली पुढची ओळ चित्रफितीत येत नाही : ऊर्जा शेतात किलोला १,१०० किलोज्यूल, हरितगृहात ९०,०००. म्हणजे एक किलो पाल्याला २५ युनिट वीज! त्यात पंपाचा वाटा नगण्य आहे, मोठा भाग आतले तापमान राखण्याचा आणि थोडा दिव्यांचा. आता कोणी म्हणेल, ॲरिझोनाचे हवामान आपल्याकडे कुठे आहे? बरोबर. म्हणूनच आपला आकडा वेगळा येणार. तो किती, हे मी अंदाजाने सांगण्यात अर्थ नाही. परभणीच्या वीजमीटरने सांगायला हवा.

आणि पाणी म्हणजे तरी कोणते पाणी? अकोल्याच्या कुलगुरूंना खारपाणपट्टा मी समजावून सांगावा असे नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत, विहिरीचे पाणी पिकालाही चालत नाही आणि माणसालाही. पाइप विकणारा विचारतो, ‘बोअर आहे ना?’ बोअरच्या पाण्याची ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, किती, हे विचारत नाही. लेट्यूसच्या द्रावणाची ईसी साधारण १.२ ते १.८ ठेवायची असते. बोअरचे पाणीच दोनचे असेल तर त्यात खत घालायला जागाच उरत नाही. जे आधीच विरघळलेले आहे ते सोडियम आणि क्लोराइड, पिकाला नको असलेले. मातीत हा सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसतो, पावसाळ्यात थोडा खाली जातो, म्हणजे माती मार खाते पण पिकाला थोडी मुदत देते. फिरत्या द्रावणात ही उसंत नाही. रोप पाणी पिते, सोडियम मागे ठेवते, आणि तेच पाणी पुन्हा फिरते. आठवड्यागणिक तो साठतच जातो.

उपाय आरओ. लहान आरओ यंत्रात शंभर लिटर पाणी घातले तर निम्मे किंवा त्याहून जास्त बाहेर फेकले जाते, तेही आधीपेक्षा खारे होऊन. हिशेबाने तरीही ॲरिझोनाच्या शेतापेक्षा पाणी कमीच लागेल, हे कबूल करायला हवे. पण ते खारे पाणी शेवटी त्याच शेताच्या बांधावर सुटणार. महिन्या-दीड महिन्याने बदललेले जुने द्रावणही, नायट्रेट-फॉस्फेटसह, तिथेच. नेदरलँड्सने आपल्या काचघरांतून असे पाणी ओढ्या-कालव्यांत जवळपास अजिबात जाऊ नये यासाठी २०२७ ची मुदत ठरवली आहे. आपल्याकडच्या चित्रफितींत द्रावण कुठे ओततात हे कधी दिसत नाही. शिवाय पॉलिहाऊस पंखा-पॅडने गार करायचे तर पॅडवरून उडून जाणारे पाणी वेगळे. बचतीच्या दाव्यात ते धरले आहे का, हे दर वेळी विचारावे लागते. आणि एक बाजूची गोष्ट म्हणून सांगतो : मराठवाड्याचे पाणी लेट्यूसने पळवलेले नाही. ते कोणत्या पिकाने नेले हे आपणही जाणता, साखर कारखानेही जाणतात.

उष्णतेचे काय? परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जाणे नवे नाही. वीस अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशाला साडेसात. मुळांची प्राणवायूची भूक मात्र उष्णतेने वाढते. त्या कात्रीत बुरशीसारखा पिथियम शिरतो आणि पांढरी मुळे दोन दिवसांत तपकिरी, बुळबुळीत होतात. एका टाकीतून सगळ्या पाइपांत पाणी फिरते, त्यामुळे रोगही सगळीकडे फिरतो. त्यात वीज गेली तर? पाइपांच्या पद्धतीत मुळांवरून पाण्याचा जेमतेम काही मिलिमीटरचा थर वाहत असतो. पंप थांबला की भर उन्हाळ्यात मुळे वाळायला फार वेळ लागत नाही. मातीतल्या वांग्याला भारनियमनाचा असा झटका बसत नाही.

कोकणाची अडचण उलटी. पाणी मऊ, बिगरखारे, द्रावणासाठी उत्तम. पण जून ते सप्टेंबर उजेड नाही आणि दमट हवा हटत नाही. कमी उजेडात पालेभाजीच्या पानांत नायट्रेट साठते, युरोपीय संघाने लेट्यूसमधल्या नायट्रेटवर मर्यादाही घातली आहे. दापोलीच्या पावसाळ्यात पिकलेल्या पाल्यात ते किती भरते, हे मोजून छापले तर त्याचा उपयोग थेट गोव्याच्या हॉटेलांपर्यंत होईल. राहुरीबद्दल मी वेगळे सांगत नाही. पुणे-नाशिकचा बाजार त्यांच्याच क्षेत्रात आहे, त्यामुळे विक्रीचा आकडा त्यांनीच द्यावा.

चाऱ्याचे प्रकरण मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मराठी शेतकऱ्याच्या घरात हायड्रोपोनिक्स शिरले ते लेट्यूसमधून नव्हे, मक्याच्या ट्रेमधून. दुष्काळाच्या वर्षांत बांबूचा मांडव, शेडनेट, प्लॅस्टिकचे ट्रे आणि झारीने पाणी, एवढ्यावर सात-आठ दिवसांत हिरवी गादी तयार होते. एक किलो मक्यातून पाच-सहा किलो चारा. ऐकायला चमत्कारच. या विषयावर जुन्या गोव्याजवळच्या एला इथल्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्राने चांगले काम केले आणि आकडे उघड मांडले. त्या चाऱ्यात शुष्क भाग ११ ते १४ टक्के. आता हिशेब करा. एक किलो मक्यात सुमारे नऊशे ग्रॅम शुष्क भाग असतो. साडेपाच किलो चाऱ्यात, तेरा टक्क्यांनी, सातशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वजन वाढले ते पाण्याचे. कोंब फुटताना दाण्यातली साखर श्वसनात जळाली, त्यामुळे खाद्य उलट थोडे कमीच झाले. गाईला सोळा-सतरा किलो हा चारा घातला तर तिने तीन किलो मका खाल्ला, एवढाच त्याचा अर्थ. त्याच केंद्राने हेही सांगितले की, उत्पादनखर्चातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग नुसत्या बियाण्याचा असतो.

मग हा चारा निरुपयोगी का? नाही. प्रथिनांचे प्रमाण वाढते, पचायला हलका होतो, आणि एप्रिलमध्ये जिथे हिरवे पानही नाही तिथे गाभण गाईच्या पुढ्यात थोडे हिरवे पडते. चाऱ्याला जोड म्हणून ठीक, चाऱ्याला पर्याय म्हणून नाही. हे एक वाक्य ठळक छापले असते तर अनेक गोठ्यांतले ट्रे आज अडगळीत पडले नसते. आणि एक धोक्याची सूचना त्याच पानावर हवी : दुकानातले औषध लावलेले बियाणे यासाठी वापरू नये, आणि बुरशी धरलेला ट्रे गुरांना घालू नये.

आपल्या शेतकऱ्याला फसवणे सोपे आहे म्हणून हे सगळे लिहितो, असे कृपया समजू नये. तो भोळा नाही. सफेद मुसळी, व्हॅनिला, ईमू, कडकनाथ या सगळ्यांत त्याने पैसे घातले ते अज्ञानाने नव्हे, तर सोयाबीन-कापसाच्या भावाने पिचल्यामुळे. जो आकडा त्याच्यापुढे ठेवला गेला तो एकाच बाजूचा होता, दुसऱ्या बाजूचा आकडा ठेवणारे कोणी समोर नव्हते. अलीकडे बंद खोलीतल्या केशराची हवा आहे. केशराचा कंद साठवलेल्या अन्नावर एकदा माती-पाण्याविना फुलतो, हे खरेच आहे. पण पुढच्या वर्षीचे कंद तयार व्हायला त्याला महिनोन् महिने पोसावे लागते. खोलीचे प्रशिक्षण देणारे बहुधा कंदही विकतात. त्यामुळे हे दुसरे वाक्य हळू आवाजात येते.

उलट ज्ञान तर आपल्याकडे आहे. नाशिक-सांगलीचा द्राक्षबागायतदार देठ परीक्षण करतो, ईसी-पीएच मीटर खिशात ठेवतो, आणि कॅल्शियम नायट्रेट व ००:५२:३४ हे फॉस्फेटचे खत एका टाकीत घट्ट कालवले की तळाला साका बसतो आणि ड्रिपर चोंदतात, हे त्याला पुस्तक न वाचता माहीत असते. हायड्रोपोनिक्सच्या ‘ए’ आणि ‘बी’ बाटल्यांचे रहस्य एवढेच आहे. एकीत कॅल्शियम, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात कॅल्शियम नायट्रेट, १३:००:४५, ००:५२:३४, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळतात. त्यांतून हजार लिटर द्रावण कसे करायचे, कुठल्या पाण्याला किती आम्ल लागेल, इतके साधे कोष्टक आपल्या कृषी दैनंदिनीच्या एका पानात मावेल. ते छापले की बाटल्यांचा निम्मा धंदा आपोआप बसेल.

तर विनंती अशी. चारही विद्यापीठांनी, आपापल्या हवामानात, आपापल्या बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर, एक लहान युनिट पूर्ण एक वर्ष चालवावे. मे आणि जुलै वगळून नव्हे. शेजारी तेवढ्याच क्षेत्रावर ठिबकवर आणि शेडनेटमध्ये तेच पीक मातीत घ्यावे, होगलँड-आर्नन यांनी घेतले तसे. तुलना ॲरिझोनाच्या पाटपाण्याशी नको, जैविक खत घातलेल्या, ठिबकवरच्या चांगल्या मराठी जमिनीशी हवी. वीजबिल छापावे, आलेले आणि फेकलेले पाणी छापावे, मजुरी छापावी. माल विद्यापीठाच्या कॅन्टीनला देऊ नये, तो बाजारात न्यावा आणि व्यापाऱ्याने जो भाव दिला तो लिहावा. किती खेपा उतरल्या नाहीत, का उतरल्या नाहीत, हेही लिहावे. प्रयोग फसला तर तो शिफारशीच्या लायकीचा नाही असे समजून कपाटात ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या एका विषयात ती मोडावी. शेतकऱ्याला वीस लाखांच्या कर्जापासून वाचवणारी माहिती ही शिफारसच आहे.

मातीविना शेती करू नका, असे त्या पुस्तिकेने सांगावे अशी माझी अपेक्षा मुळीच नाही. कदाचित निष्कर्ष असा निघेल की पुण्यालगत लेट्यूस-तुळशीच्या ताज्या पानांना ती परवडते, कोकोपीटमधली ढोबळी मिरची खराब जमिनीवर परवडते, आणि छतावरच्या चार पाइपांत घरापुरती पालेभाजी आनंदाने होते, नफा मात्र होत नाही. कदाचित याहून वेगळाच निघेल. जे निघेल ते माझ्या अंदाजापेक्षा आणि चित्रफितीतल्या आवाजापेक्षा जास्त खरे असेल.

चौघे एका टेबलाशी दर वर्षी बसताच. महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेच्या पुढाकाराने होणाऱ्या संयुक्त ॲग्रेस्कोच्या बैठकीत वाण, अवजारे आणि शिफारशी मंजूर होतात. पुढच्या बैठकीच्या टिपणात हा विषय घ्यावा, युनिटांचा आराखडा चौघांनी एकच ठरवावा आणि मोजणीची पद्धतही एकच ठेवावी, म्हणजे आकडे शेजारी ठेवता येतील. पुस्तिका वीस-तीस पानांची पुरे. किंमत ठेवायची तर चहाच्या दोन कपांइतकी ठेवा, आणि शिवार फेरीला, किसान मेळाव्याला बियाण्याच्या रांगेशेजारी ती विकायला ठेवा. आपली परवानगी असेल तर मी ती माझ्या स्तंभात क्रमशः पूर्ण छापेन, आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला कार्यशाळेची फी भरण्याआधी आपल्या विक्री केंद्राचा रस्ता सांगेन.

कळावे.

आपला,
शेतीवर लिहिणारा एक स्तंभलेखक